कोंडीभाऊंचा उजवा हात

गेल्या वर्षी अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कोंडीभाऊंच्या ओट्यावर बावीस टाइपरायटरांचा सौदा व्हायचा होता. फोनवर ठरलेला भाव नगाला पाच हजार, म्हणजे एकूण एक लाख दहा हजार. अट एकच, मशीन चालू पाहिजे. हजर माणसं चार: स्वतः कोंडीभाऊ, त्यांच्या पत्नी इंदूबाई, ज्यांना सगळं गाव आक्का म्हणतं, डिंभ्याच्या धरणाकडे नवीन रिसॉर्ट उभं राहतंय त्याच्या सजावटीसाठी जुन्या वस्तू गोळा करणारे पुण्याचे एक गृहस्थ, आणि मी. मला आकडे मांडायला बोलावलं होतं. मी आमच्या पेठ गावातल्या दूध संकलन केंद्राचे हिशोब बघतो आणि माझं घर कोंडीभाऊंच्या घराला पाठीला पाठ लावून आहे.

सौद्यात काय झालं ते पुढे येईलच. आधी कोंडीभाऊ कोण होते ते सांगितलं पाहिजे.

कोंडीभाऊ एसटीत कंडक्टर होते. नारायणगाव, जुन्नर, घोडेगाव, डिंभे या पट्ट्यातल्या गाड्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. उंच, किडकिडीत माणूस. आयुष्यभर गर्दीतून वाट काढल्यामुळे मोकळ्या रस्त्यानेही ते एक खांदा पुढे करून, अंग चोरून चालायचे. निवृत्त झाल्यावरही घरी कुणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न "कुठून?" आणि दुसरा "किती जण?" असायचा. मग आतून तेवढेच कप चहा यायचा, एकही जास्त नाही.

त्यांना टाइप करता येत नव्हतं. उजव्या हाताच्या दोन बोटांनी ते अक्षरं शोधून शोधून दाबायचे आणि त्यापलीकडे शिकायची त्यांना इच्छाही नव्हती. नाद लागला तो आवाजाचा. डेपोत दिवसाचा भरणा करायला बाकावर बसलं की साहेबांच्या खोलीतून टाइपरायटरचा आवाज यायचा. तो ऐकत बसायला भाऊंना आवडायचं. पुढे कॉम्प्युटर आला, खोली गप्प झाली आणि ते मशीन लिलावात निघालं. भाऊंनी बोली लावली. दुसरं कुणी बोलीला उभंच नव्हतं. तरी भाऊंनी स्वतःचीच बोली दोनदा वाढवली. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, इतकी वर्षं बोललेली मशीन एवढ्या स्वस्तात उचलायची, बरं दिसत नाही.

त्यानंतर रस्त्यावरच्या प्रत्येक गावात जुनी मशीनं निघायला लागली. शाळा, सोसायट्या, वकिलांच्या खोल्या, सगळीकडे एकेक धूळ खात पडलेलं. "कंडक्टर, आमच्याकडंबी एक हाय, न्या," असं लोक गाडी थांबवून सांगायचे. भाऊ पैसे देऊन घ्यायचे आणि गाडीत चढवताना त्याचं सामानाचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढायचे. घरी आल्यावर ते तिकीट मशीनच्या बुडाला चिकटवायचे. मशीन टपावर टाकलेलं त्यांना चालायचं नाही, सीटखाली सरकवलेलंही चालायचं नाही. ते सीटवर बसूनच यायचं. एकदा ओतूरच्या बाजूला चढलेल्या एका माणसाने यावरून आवाज चढवला, की माणसं उभी आणि लोखंड बसलंय. भाऊ शांतपणे म्हणाले, "तिचं तिकीट काढलंय, पावणं. तुमचं दाखवा." त्या माणसाने अजून काढलं नव्हतं. गाडी हसली. नंतर भाऊंनी त्याला स्वतःच्या जागेवर बसवलं आणि नारायणगावपर्यंत दांडा धरून उभे राहिले.

आमच्याकडे सासरी आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात, चासकरीण, आळेकरीण अशी. भाऊंनी मशिनींना तीच रीत लावली. घोडेगावच्या वकिलाकडून आलेली घोडेगावकरीण, डिंभ्याहून आलेली डिंभेकरीण. अपवाद एकच. आण्याच्या शाळेतून आलेल्या मशिनीला आणेकरीण म्हणता येईना, कारण आणेकरीण घरात आधीच होती. आक्कांचं माहेर आणे पठारावरचं. म्हणून त्या मशिनीचं नाव धाकटी पडलं. ती सगळ्यांत हलकी आणि आवाजालाही नाजूक होती. आक्का आल्यागेल्याला सांगायच्या, "तेवीस सवती आनल्या ह्या मानसानं, आन् लुगडी मातर मी पुरवायची." ते खरंच होतं. प्रत्येक मशिनीला त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची खोळ शिवली होती आणि कुठली खोळ कुठल्या लुगड्याची, ते लुगडं कुणी कशासाठी घेतलं होतं, हे त्यांना पाठ होतं.

डिंभेकरणीची हकिगत भाऊ रंगवून सांगायचे. मुक्कामाची गाडी घेऊन ते डिंभ्याला गेले होते. सकाळी धरणाकडे फिरताना एका मासेवाल्याच्या झोपडीसमोर ताडपत्री पसरलेली दिसली. वाऱ्याने ती उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली होती. तीन कोपऱ्यांवर दगड, चौथ्यावर टाइपरायटर. भाऊंनी विकत मागितला. मासेवाला म्हणाला, पैसे नकोत, पण तुमी न्यायला लागलात तर माझी ताडपत्री उडंल. भाऊंनी एक चांगला सपाट दगड शोधून आणला. तो मासेवाल्याला पसंत पडेना. दुसरा आणला. मग त्याने भाऊंच्या अंगातल्या रेनकोटाकडे बोट केलं. गाडी पेठला पोचेपर्यंत पावसात चढउतार करून भाऊ ओलेचिंब झाले होते आणि रेनकोट डिंभ्यात राहिला होता. ती मशीन धुऊनपुसून चालू झाली, पण पावसाळी हवेत तिला सुकटीचा वास यायचा तो कधी गेला नाही. आक्का म्हणायच्या, आता हिला काय करायचं, माहेर सुटत न्हाई.

रोज दिवेलागणीला भाऊ एकीची खोळ काढायचे, कागद लावायचे आणि एक ओळ टाइप करायचे. त्यात काही विशेष नसायचं. आज टोमॅटोच्या गाड्या बऱ्याच गेल्या. घाटात ट्रक बंद पडला. शेजाऱ्यांची म्हैस व्याली. तो कागद दुसऱ्या दिवशी बंब पेटवायला जायचा. मी एकदा म्हटलं, रोजची ओळ जपून ठेवली तर गावाची चांगली नोंद होईल. भाऊंना ते पटलं नाही. "लिवायचं काय त्यात, हिशेबनीस? ती बोलली पायजे. रोज एकीनं तरी बोलायचं."

आणि ऐकायला आक्का असायच्या. त्या आत भाकरी थापत असायच्या आणि आवाजावरून ओळखायच्या. आज घोडेगावची का, तिला बोलायची घाई. आज डिंभ्याची, घसा बसलाय तिचा. माझे मेहुणे आले होते तेव्हा त्यांचा यावर विश्वास बसेना. भाऊंनी आक्कांना आत उभं केलं आणि एकामागून एक चार मशिनी वाजवल्या. चारही आक्कांनी बरोबर सांगितल्या. पाचव्या वेळी भाऊंनी दोन मशिनी जवळ ओढल्या आणि दोन हातांनी एकदम सुरू केल्या. मग आक्का म्हणाल्या, "दोघी भांडत्यात. चासकरनीचा दोष हाय." भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मशिनींना तेल घालायचं काम भाऊ स्वतः करत. कोंबडीचं पीस घ्यायचं, शिलाई मशीनच्या पातळ तेलात टोकापुरतं बुडवायचं आणि ठरलेल्या दोन जागी टेकवायचं. बाकी कुठे नाही. आक्का हे स्वयंपाकघरातून बघायच्या. त्यांना पीस दिसायचं, बाटली दिसायची. बाटलीत काय आहे, हे विचारायचा प्रसंग कधी आला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आषाढात भाऊंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली, पण उजवा हात लोंबायला लागला. लेक पुण्याला असते, तिने दवाखाना केला आणि नंतर व्यायामासाठी दोन महिने आपल्याकडे ठेवून घेतलं. आक्का सुरुवातीला तिथे होत्या, पण घरी म्हैस व्यायला झाली होती, म्हणून परत आल्या. इथे बसून नवऱ्यासाठी करण्यासारखं त्यांच्याकडे एकच होतं. पावसाळी हवेत मशिनी गंजू नयेत एवढं बघणं. त्या रोज दुपारी पीस घेऊन बसायच्या.

तेल त्यांनी घरातलं सगळ्यांत चांगलं घेतलं. आण्याला त्यांचा भाऊ करडई करायचा आणि दरवर्षी लाकडी घाण्यावरून काढलेल्या तेलाचा एक डबा बहिणीला यायचा. त्या तेलाने बरी होत नाही अशी गोष्ट आक्कांच्या मते नव्हती. भाजीला तेच, गुडघ्याला तेच, कुरकुरणाऱ्या दाराला तेच. त्यांनी हात आखडता घेतला नाही. जिथे जिथे लोखंड लोखंडाला घासत होतं तिथे तिथे तेल सोडलं, तेवीसच्या तेवीस मशिनींना, दोन महिने.

करडईच्या तेलाचा एक गुण घरातल्या बायकांना माहीत असतो. बुधलीवरून ओघळ गेला आणि तो सुकला की तिथे पिवळा चिवट थर बसतो. राखेने घासला तरी निघत नाही. बुधलीच्या बुडाला होतं तेच मशिनीच्या पोटात होईल, हे मात्र आक्कांच्या मनात आलं नाही.

गणपतीच्या सुमारास भाऊ घरी आले. मी भेटायला गेलो तेव्हा ते घोडेगावकरणीसमोर बसले होते. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी पट्टीवर ठेवला होता आणि बोटाने एक अक्षर दाबायचा प्रयत्न चालला होता. अक्षराची दांडी जागची हलत नव्हती. मला म्हणाले, जोरच राहिला नाही बघ, तू दाब. मी दाबलं. माझ्या बोटाला जोर कमी नाही. दांडी अर्ध्यापर्यंत वर गेली आणि तिथेच उभी राहिली. खाली येईना. दुसरी दाबली, तीही तिच्याशेजारी जाऊन थांबली. भाऊंनी बाजूच्या दोन मशिनींच्या खोळी काढायला सांगितल्या. त्यांचंही तेच. मग ते खाली वाकले आणि नाक मशिनीजवळ नेऊन वास घेतला.

तेवढ्यात आक्का चहा घेऊन आल्या. त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, "एका दिवसाचा खाडा केला न्हाई. रोज पुसत व्हते, तेल घालीत व्हते. म्हायेरचं तेल, दुसरं न्हाई वापरलं. बघा, कशा चकाकत्यात."

भाऊंनी बघितलं. मग उजवा हात उचलून मांडीवर घेतला.

"लई चांगल्या ठेवल्यास," ते म्हणाले. "पन हाताला जोर न्हाई गं. हातच चालंना."

आक्का तिथेच बसल्या आणि त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला. त्याच संध्याकाळपासून मालीश सुरू झालं. लसूण घालून कोमट केलेलं तेच तेल, ओट्यावर, दिवे लागायच्या वेळी, जेव्हा पूर्वी मशीन बोलायची तेव्हा.

हात डॉक्टरांच्या सांगण्यासारखा सुधारत गेला. दिवाळीनंतर भाऊंना बटण लावता येत होतं, पेन धरता येत होता. पण ते फक्त माझ्या घरी. आपल्या घरात तो हात मांडीवर पडलेला असायचा. मशिनी का गप्प आहेत याचं दुसरं कारण आक्कांना सापडू नये यासाठी हात मेलेलाच राहायला हवा होता. भाऊ डाव्या हातानेच जेवत राहिले. आमच्यात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. लग्नकार्याची आमंत्रणं आली की ते आहेर पाठवायचे, स्वतः जायचे नाहीत. पंगतीत डाव्या हाताने कालवताना चार लोक बघणार, हे त्यांना सोसलं नसतं. मी एकदा बोललो, की आक्कांना सांगून टाका, त्या समजूतदार आहेत, रागावणार नाहीत. भाऊ म्हणाले, "रागावली असती तर सांगितलं असतं." त्यावर मी पुन्हा विषय काढला नाही.

मंचरला पूर्वी एक दुरुस्तीवाला होता, तो आता मोबाइल दुरुस्त करतो. पुण्याला न्यायचं तर आक्का विचारणार, कशाला. राहिला एकच मार्ग, ज्याचं त्याने करायचं. माझ्या घरामागे कांद्याची बराख आहे. कांद्याला वारा लागावा म्हणून तिच्या भिंती पट्ट्यापट्ट्यांच्या असतात. दिवाळीनंतर कांदा विकला की ती मोकळी होते. भाऊंनी धाकटीला तिथे आणलं. आक्कांना सांगितलं की डेअरीला काही दिवस टाइपरायटर पाहिजे आहे. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आहे हे आक्कांना माहीत होतं, तरी त्यांनी ती जाऊ दिली.

धाकटीच का, तर ती आक्कांच्या माहेरची. भाऊ रोज दुपारी यायचे. रॉकेल, स्पिरिट, दातांचा ब्रश आणि सुई घेऊन ते पोत्यावर बसायचे. एक दांडी मोकळी व्हायची आणि रात्रीतून पुन्हा धरायची. थर नुसता वर नव्हता, प्रत्येक सांध्यात शिरला होता. होळी जवळ आली तेव्हा धाकटी पूर्ण सुटली. म्हणजे एका मशिनीला चार महिने लागले. त्या दिवशी भाऊंनी मला विचारलं, "हिशेबनीस, बाकीच्यांना किती?" मला आकडा सांगायचा नव्हता. पण विचारल्यावर खोटा आकडा मला सांगता येत नाही. बराख वर्षातून चारच महिने मोकळी, तेव्हा वर्षाला एक. उरलेल्या बावीस. बावीस वर्षं. भाऊंना तेव्हा एकाहत्तरावं चालू होतं.

"म्हंजी त्र्यान्नव," भाऊ म्हणाले. "कांद्याला भाव मिळाला न्हाई तर बराख तेवढीबी मोकळी व्हनार न्हाई." आणि हसले.

मी म्हटलं, निदान धाकटीला तरी घरी न्या. आक्का ऐकतील तरी. भाऊंनी मान हलवली. धाकटी बोलली म्हणजे हात चालतो. हात चालतो तर बाकीच्या का गप्प, हे आक्का त्याच संध्याकाळी विचारणार. मी बराच वेळ विचार केला. त्यात मला कुठे फट सापडली नाही. चार महिने खपून चालू केलेली मशीन जिच्यासाठी केली तिच्या कानांवर पडू द्यायची नव्हती. ते बराखीत एकटेच बसून तिच्यावर ओळ टाइप करायचे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिच्याखाली गोणपाटाची घडी घालायचे.

पण बराखीच्या भिंती वारा जाण्यासाठीच बांधलेल्या असतात.

होळीच्या दुसऱ्या दिवशी आक्का आमच्याकडे पुरणपोळ्या द्यायला मागच्या वाटेने आल्या. मी अंगणात होतो. भाऊ बराखीत होते. आक्का निम्म्या वाटेवर थांबल्या. ताट हातात तसंच होतं. आतून दोन अक्षरं आली, थोडं थांबून आणखी एक. आक्कांना ओळखायला वेळ लागला नाही. ओळ संपल्याची घंटी वाजेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी ताट माझ्या हातात दिलं.

"दादा, मी आले व्हते म्हनू नका," एवढंच म्हणाल्या आणि आल्या वाटेने परत गेल्या.

संध्याकाळी ओट्यावर मालीश नेहमीसारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीला निघालो तेव्हा आक्का मोरीपाशी तेलाची बुधली घेऊन बसल्या होत्या. त्या ती घासत नव्हत्या. बुडाचा पिवळा थर नखाने खरवडत होत्या आणि नख बघत होत्या.

आठवड्याभराने मशिनी विकायचा विषय निघाला, तो आक्कांनीच काढला. ह्यांच्या हाताचं आता काही खरं नाही, पडून राहिल्यात, कुणी घेणारं असेल तर बघा, असं त्यांनी मला भाऊंसमोर सांगितलं. भाऊ लगेच हो म्हणाले. विकलेल्या मशिनी गप्प का, असं कुणी विचारत नाही. दोघांनाही दुसऱ्याची सुटका करायची होती, असं माझं मत आहे. माझ्या पुतण्याने फोटो काढून मोबाइलवर टाकले आणि पुण्याच्या गृहस्थांचा फोन आला. मशिनी चालू आहेत का, असं त्यांनी विचारलं तेव्हा भाऊ "या आन् बघा" म्हणाले. शोभेसाठीच घेणार आहेत, उघडून कोण बघतंय, असा त्यांचा अंदाज होता.

गृहस्थ जाणकार निघाले. त्यांनी पहिल्याच मशिनीचं वरचं झाकण काढलं, मोबाइलचा उजेड आत टाकला, दोन दांड्या वर करून बघितल्या आणि बोटाला लागलेलं हुंगलं. दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग बोट रुमालाला पुसत त्यांनी सरळ विचारलं, "यात खायचं तेल कुणी ओतलं?"

आक्का चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"मी," भाऊ म्हणाले. प्रश्न पुरता संपलाही नव्हता. "माजीच चूक. आजारी पडायच्या आधी मीच घातलं. अक्कल चालली न्हाई."

गृहस्थ म्हणाले, अहो, तुम्ही एवढ्या हौसेने जमवलेत आणि हे कसं केलंत. कुणी अडवलं नाही का तुम्हाला?

भाऊंचा डावा हात उजव्या हातावर येऊन बसला होता. तेवढ्यात आक्कांनी ट्रे खाली ठेवला.

"ह्यांनीच घातलं," त्या म्हणाल्या. "मी नको नको म्हनत व्हते. खायाचं तेल लोखंडाला कोन घालतं? पन आईकत्यात व्हय कुनाचं? पयल्यापासून हेकट."

गृहस्थ हसले. म्हणाले, काकूंचं ऐकायला हवं होतं. मी खाली कागदाकडे बघत होतो. वर पाहिलं तेव्हा भाऊ आक्कांकडे बघत होते आणि आक्का कपांत चहा ओतत होत्या. एक थेंब बशीत सांडला नाही.

"व्हय," भाऊ म्हणाले, "आईकाया पायजे व्हतं."

नंतरचा सौदा लवकर आटपला. बंद मशिनी म्हणून नगाला आठशे. बावीस गुणिले आठशे, सतरा हजार सहाशे. भाऊंनी ओढून धरलं नाही. पैसे आक्कांच्या हातात द्यायला सांगितले. टेम्पोत चढवताना गृहस्थांनी खोळी काढून टाकायला सांगितल्या, त्यांना त्या नको होत्या. आक्कांनी बावीस खोळी घड्या घालून आत नेल्या. बुडाची तिकिटं मात्र मशिनींबरोबर गेली. रिसॉर्टच्या भिंतीवर त्या आता एकीवर एक लावल्या आहेत म्हणतात. मी बघायला गेलो नाही.

त्यानंतर आता तरी दोघं मोकळी होतील असं मला वाटलं होतं. दोघांनाही सगळं माहीत होतं, आणि दुसऱ्याला माहीत आहे हेही माहीत होतं. पण उजव्या हाताने घास घ्यायचा तर आधी काहीतरी बोलावं लागलं असतं. भाऊ शेवटपर्यंत डाव्या हातानेच जेवले. श्रावणात दुसरा झटका आला आणि त्यातून ते उठले नाहीत. धाकटी माझ्या माळ्यावर आहे. तेरावं झाल्यावर मी आक्कांना विचारलं, आणून देऊ का. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मी आईकलंय तिला."

भाऊ मला आठवतात ते मात्र सौद्यानंतरच्या बुधवारी दिसले तसे. सौद्याच्या संध्याकाळी आक्कांनी मला हाक मारून मिळालेल्या पैशांतली पाचशेची एक नोट दिली होती. त्यांच्या भावाने करडई करायचं सोडलं होतं. तिच्या काट्यांत काढणीला माणूस मिळत नाही, म्हणून आता तिथे दुसरं पीक असतं. मला बुधवारी डेअरीच्या कामाने आळेफाट्याला जायचं होतं. तिथून पुढे आण्याच्या घाण्यावर जाऊन एक लिटर तेल आणाल का, करडईचंच, ह्यांच्या हाताला लागतं, असं त्या म्हणाल्या.

मी तेल घेऊन आलो तेव्हा दिवे लागायला आले होते. मशिनी ठेवायची आतली फळी रिकामी होती. आक्का आत लसूण सोलत होत्या. भाऊ ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते आणि सदऱ्याची उजवी बाही त्यांनी आधीच कोपरापर्यंत दुमडून ठेवली होती. मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण काढून वास घेतला, आण्याचंच आहे म्हणाले आणि डबा आत द्यायला सांगितला.

बावीस मशिनींचे आले सतरा हजार सहाशे. त्यातले पहिले तीनशे ऐंशी आण्याच्या घाणेवाल्याला दिले. वरचे एकशे वीस आक्कांना परत केले.